उभ्या पडद्यावरचे विमान: ‘१९४२’ आणि त्याच्या घरगुती आवृत्त्या

१९४२ हा आकडा मराठी घरातल्या मुलाला पहिल्यांदा भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात, चले जावच्या धड्यात. नव्वदच्या दशकात वाढलेल्या आमच्यासारख्या अनेकांना तो त्याच सुमारास आणखी एका ठिकाणी भेटला. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये घालायच्या पिवळ्या कॅसेटमधल्या लांबलचक यादीत, कॉन्ट्रा आणि मारिओच्या मागेपुढे कुठेतरी, नुसता आकडाच नाव म्हणून घेऊन तो बसलेला असे. आमच्या वाड्यात त्याला कोणी ‘१९४२’ म्हणत नसे. तो ‘विमानाचा गेम’ होता. त्या कॅसेटवर आम्ही जे खेळलो ते मूळ खेळाचे बरेच उणावलेले रूप होते, हे कळायला मला वीसेक वर्षे लागली. गेले दोन महिने मी मूळ आर्केड आवृत्ती, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरची आवृत्ती, आणि तिच्या काही घरगुती आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून खेळतो आहे. कोणती घ्यावी, कोणती नुसती आठवणीपुरती ठेवावी आणि का, हे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

मूळ खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८४ साली आर्केड यंत्रासाठी काढला. पडदा वरून खाली सरकत राहतो, खाली समुद्र आणि अधूनमधून हिरवी बेटे दिसतात, आणि दोन इंजिनांचे, जोडशेपटीचे पी-३८ लाइटनिंग जातीचे विमान आपल्या हाती असते. विमानवाहू जहाजावरून उड्डाण करायचे, शत्रूची विमाने पाडत टप्पा पार करायचा आणि पुन्हा जहाजावर उतरायचे, असा क्रम आहे. असे ३२ टप्पे आहेत आणि त्यांची मोजणी उलटी चालते. खेळ ३२व्या टप्प्यापासून सुरू होतो आणि जिथे पोहोचायचे ते टोकियो प्रत्येक टप्प्यागणिक एकाने जवळ येते. या उलट्या मोजणीचा परिणाम मला आजही विलक्षण वाटतो. आकडा वाढत गेला असता तर आपण किती पुढे आलो याचे समाधान मिळाले असते. तो कमी होत जातो म्हणून किती उरले याचीच रुखरुख लागून राहते, आणि नाणे टाकून खेळणाऱ्याला पुन्हा नाणे टाकायला तेवढे पुरेसे असते.

यंत्रावर दांडी आणि दोन बटणे एवढेच आहे. पहिले बटण गोळीचे. दुसऱ्या बटणात या खेळाचा जीव आहे. ते दाबले की विमान आकाशात कोलांटी मारते. चित्र मोठे होत जाते, जणू विमान पडद्यातून आपल्या दिशेने वर येते आहे, मग ते उलटे होते आणि पुन्हा लहान होत आपल्या उंचीवर परत येते. तेवढा वेळ त्याला कोणतीही गोळी लागत नाही, पण आपल्यालाही गोळी मारता येत नाही. आम्ही मुले याला ‘पलटी’ म्हणायचो. एका लाइफमध्ये पलट्या तीनच मिळतात आणि न वापरता शिल्लक राहिल्या तर टप्प्याच्या शेवटी त्यांचे गुण मिळतात. एवढ्याशा नियमाने खेळाचे सगळे स्वरूप बदलून टाकले आहे. पलटी आता मारावी की गोळ्यांच्या मधल्या फटीतून विमान काढावे, हा प्रश्न प्रत्येक अडचणीच्या क्षणी नव्याने पुढे येतो. घाबरून लवकर मारली तर परत खाली येताना आपण शत्रूच्या नाकासमोरच उतरतो. उशीर केला तर ती मारायची वेळच येत नाही. संकटातून सोडवणारी युक्ती पुढे अशा प्रकारच्या बहुतेक खेळांत आली आणि बहुधा बॉम्बच्या रूपाने आली, म्हणजे बटण दाबले की पडदा साफ. ‘१९४२’मधली पलटी काहीही नष्ट करत नाही; ती आपल्याला क्षणभर बाजूला काढते आणि त्याच गर्दीत परत सोडते. मला हा विचार अधिक सुंदर वाटतो.

शत्रूची विमाने कशी येतात हेही जवळून पाहण्यासारखे आहे. लहान विमाने वरून येतात, गोळी सोडतात, वळसा घेतात आणि आली तशी परत जातात. ती सरळ अंगावर येत नाहीत म्हणूनच त्यांचा अंदाज चुकतो. मध्यम आकाराची काही विमाने चक्क मागून, पडद्याच्या खालच्या कडेतून निघतात, आणि खालच्या कडेला चिकटून सुरक्षित राहू पाहणाऱ्याला पहिल्या काही डावांतच तिथून हुसकावून लावतात. मोठी बॉम्बफेकी विमाने अनेक गोळ्या खाऊन मग फुटतात. या सगळ्यांच्या मधून लाल विमानांची एक रांग गिरक्या घेत येते. ती पूर्ण पाडली, एकही सोडले नाही, तरच ‘पॉव’ अशी इंग्रजी अक्षरे असलेली वस्तू मागे उरते. ती घेतली की कधी गोळ्यांचा झोत दुप्पट रुंद होतो, कधी आपल्या दोन्ही बाजूंना दोन छोटी विमाने येऊन साथ देतात, कधी पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम फुटतात, तर कधी एक पलटी वाढून मिळते. ती दोन छोटी विमाने मला विशेष प्रिय आहेत. त्यांच्यामुळे आपला विस्तार तिप्पट होतो, मारा वाढतो आणि धोकाही तितकाच वाढतो. आपल्यावर येणारा वार कित्येकदा त्यांतले एक विमान स्वतःवर घेऊन पडते. टप्पा संपला की पाडलेल्या विमानांचे शेकडा प्रमाण पडद्यावर येते. निव्वळ जिवंत राहून टप्पा पार केलेल्याला ते प्रमाण जागेवर आणते, आणि पुढच्या टप्प्यात तो जरा धीटपणे वर सरकतो.

या खेळाचा रचनाकार योशिकी ओकामोतो. त्याआधी कोनामी कंपनीत असताना त्याने ‘टाइम पायलट’ आणि ‘जायरस’ हे खेळ केले होते, आणि पुढे ज्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने आपल्याकडच्या गेम पार्लरांमध्येही रांगा लावल्या त्याच्या निर्मितीमागेही तोच होता. ओसाकातल्या एका जपानी कंपनीने अमेरिकी विमान नायक करून जपानी विमाने पाडण्याचा खेळ काढावा, याचे आश्चर्य वाटते. पाश्चात्त्य देशांतला बाजार डोळ्यांसमोर होता हे त्याचे व्यवहारी कारण. पण खेळताना जाणवते की या खेळात द्वेष नाही. शत्रूला चेहरा नाही, घोषणा नाहीत, विजयाचा उन्माद नाही. आहेत ते वळणांचे आणि वेळेचे हिशेब.

इतिहासाची शिस्त मात्र खेळाने पाळलेली नाही, आणि इतिहासाची गोडी असलेल्या वाचकाने ते समजूनच खेळायला बसावे. चार चार टप्प्यांच्या गटांना मिडवे, मार्शल, अट्टू, रबौल, लेयते, सायपान, इवोजिमा आणि ओकिनावा अशी पॅसिफिक महासागरातल्या युद्धाच्या ठिकाणांची नावे आहेत. यांपैकी मिडवेची लढाई तेवढी खरोखर जून १९४२मधली. सायपान आणि लेयते १९४४ची, इवोजिमा आणि ओकिनावा १९४५ची. नकाशावर बोट ठेवून हा मार्ग काढू गेलो तर मार्शल बेटांवरून थेट उत्तरेच्या थंडीत अट्टूला जावे लागते आणि तिथून विषुववृत्त ओलांडून रबौलला उतरावे लागते. पी-३८ हे विमानही जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारे; विमानवाहू जहाजावरून ते युद्धात कधी वापरले गेले नाही. पॅसिफिकमध्ये त्याने मोठे नाव मात्र कमावले. १८ एप्रिल १९४३ रोजी जपानी आरमाराचे सेनापती ॲडमिरल यामामोतो यांचे विमान पाडले ते याच जातीच्या विमानांनी. हे तपशील बाजूला ठेवले तरी जोडशेपटीची ती आकृती निवडण्यामागचे शहाणपण दिसते: शेकडो लहान आकृत्यांच्या गर्दीत आपले विमान कोणते, हे डोळ्याला कधीही शोधावे लागत नाही.

आता घरगुती आवृत्त्यांकडे वळतो. आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेली आवृत्ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी १९८५च्या अखेरीस निघालेली आहे. आपल्याकडे मिळणारी यंत्रे फॅमिकॉमच्याच नकला होती आणि कॅसेटमधले खेळही तिथलेच. ही आवृत्ती कॅपकॉमने बाहेरच्या चमूकडून करून घेतली होती. ३२ टप्पे, पलटी, लाल रांग, सगळे जागच्या जागी आहे, तरीही खेळ हातात अडखळतो. पडदा सरकतो तो सलग न सरकता हिसके देत सरकतो, आणि पलटीचे बटण दाबल्यापासून विमान उलटेपर्यंतचा क्षण भरवशाचा राहत नाही. जिथे सगळा खेळच वेळेचा आहे तिथे ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

त्याहून मोठा दोष लुकलुकण्याचा. फॅमिकॉमच्या चित्रयंत्रणेला एका आडव्या ओळीत आठच हलते तुकडे दाखवता येतात आणि एक विमान रंगवायला असे एकाहून अधिक तुकडे लागतात. शत्रूची चार-पाच विमाने एका रांगेत आली, मध्ये त्यांच्या गोळ्या, खालून आपल्या गोळ्या, की मर्यादा ओलांडली जाते आणि काही तुकडे त्या क्षणापुरते रंगवलेच जात नाहीत. लहानपणी आम्ही पुनःपुन्हा तक्रार करायचो की काहीही लागले नसताना विमान फुटले. मोठा भाऊ म्हणायचा, तुझे लक्ष नव्हते. इतक्या वर्षांनी त्याच आवृत्तीतला तोच प्रसंग सावकाश, चित्रामागून चित्र असा पाहिला, तेव्हा दिसले की गोळी होती, पण ऐन मोक्याच्या क्षणी ती पडद्यावर उमटली नव्हती. त्या मुलाचे लक्ष होते. हे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्यातल्या कित्येकांनी विमानाचा गेम आपल्याला जमत नाही असे समजून सोडून दिला, आणि दोष त्यांच्या हाताचा नव्हता.

आवाजाचेही तसेच. आर्केडवर दोन ध्वनिचिप आहेत आणि त्यांतून जे निघते ते संगीत म्हणावे असे फारसे नाही. ताशासारखी कडक थाप आणि मधून शिट्टी, कवायतीच्या मैदानावरची. ती थाप यंत्राच्या भोंग्यातून ऐकली तर छातीत बसते. फॅमिकॉमवर तिची जागा एका बारीक, सतत टोचणाऱ्या टुकटुकीने घेतली आहे. आमच्याकडे हा गेम लागला की स्वयंपाकघरातून आवाज बंद करण्याची आज्ञा येई, आणि आज ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

एक गोष्ट मात्र या आवृत्तीने आम्हाला पूर्णपणे दिली आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. दोघांनी खेळताना एक आउट झाला की दुसऱ्याची पाळी येते. आर्केडचाच हा नियम एकच रिमोट धड चालत असलेल्या घरात फार उपयोगाचा ठरला. पाळीची वाट पाहणारा दुसऱ्याची विमाने मोजत असे आणि लाल रांगेतले शेवटचे विमान निसटले की हळहळ दोघांचीही होत असे.

ब्रिटनमध्ये एलिट या कंपनीने १९८६ साली झेडएक्स स्पेक्ट्रम, ॲमस्ट्रॅड आणि कमोडोर ६४ या घरगुती संगणकांसाठी आवृत्त्या काढल्या. स्पेक्ट्रमवर रंग चौकोनांच्या हिशेबाने द्यावे लागतात, त्यामुळे विमान आणि पार्श्वभूमी एकमेकांचे रंग घेतात; तरीही हालचाल मला फॅमिकॉमपेक्षा जिवंत वाटली. २००० सालची गेम बॉय कलरची आवृत्ती खिशात मावणारी होती, पण १६० बाय १४४ ठिपक्यांच्या पडद्यावर शत्रू दिसतो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो यांत विचाराला अवकाशच उरत नाही. संग्राहकाव्यतिरिक्त कोणी ती शोधू नये.

खरा बदल झाला तो घरगुती यंत्रे मूळ खेळ जसाच्या तसा चालवण्याइतकी सशक्त झाल्यावर. १९९८ साली प्लेस्टेशन आणि सॅटर्नवर ‘कॅपकॉम जनरेशन’ मालिकेच्या पहिल्या भागात ‘१९४२’, त्याचा पुढचा भाग ‘१९४३’ आणि त्याची सुधारित आवृत्ती ‘१९४३ काई’ एकत्र आले. २००५ साली ‘कॅपकॉम क्लासिक्स कलेक्शन’ प्लेस्टेशन टू आणि एक्सबॉक्सवर आले. प्लेस्टेशन टू आपल्याकडेही अनेक घरांत पोहोचले होते, त्यामुळे मूळ आर्केड ‘१९४२’ पहिल्यांदा पाहण्याची संधी अनेक मराठी खेळाडूंना या तबकडीने दिली. मलाही तिनेच दिली. पहिल्याच टप्प्यात पडदा सलग, लोण्यासारखा सरकताना पाहिला आणि मी खेळ थांबवून नुसता बघत बसलो. त्या संग्रहाची एकच मर्यादा होती, आणि ती टीव्हीची होती: खेळ उभा, टीव्ही आडवा, म्हणून चित्र मधोमध एका अरुंद पट्टीत बसवावे लागे.

ही मर्यादा समजून घेणे या खेळाच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. मूळ यंत्रात पडदा उभा बसवलेला असतो. विमानासमोर भरपूर उंची असते, शत्रू वरच्या कडेतून शिरल्यावर त्याचा वळसा कोणत्या बाजूला जाणार हे ओळखायला वेळ मिळतो आणि त्या वेळात पलटीचा निर्णय होतो. चित्र आडव्या टीव्हीच्या आकारात ओढून बसवले की रुंदी वाढते आणि उंचीचा अवकाश आटतो. ते पट्टीत बसवले तर प्रमाण राहते, पण सगळे लहान होते आणि गोळ्या डोळ्यांना निवडता येत नाहीत.

म्हणूनच आज विकत घ्यायची आवृत्ती कोणती, याचे माझे उत्तर ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ हे आहे. ३२ खेळांचा हा संग्रह २०२१ साली प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि नंतर संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आला. मूळ डाउनलोड फुकट होते आणि त्यासोबत ‘१९४३’ मिळत असे. ‘१९४२’ मात्र १९८४ ते १९८८ या काळातल्या दहा खेळांच्या पहिल्या गठ्ठ्यात आहे. या संग्रहात पडद्यावरचे चित्र नव्वद अंशांनी फिरवता येते. माझ्या टेबलावरच्या मॉनिटरची मान फिरते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक असूनही कधी उपयोगाला आले नव्हते. मॉनिटर उभा केला, सेटिंगमध्ये चित्र फिरवले, आणि निळा समुद्र टेबलापासून पुस्तकांच्या कप्प्याच्या कडेपर्यंत उभा पसरला. विमान हाताजवळ, शत्रू डोळ्यांच्या पातळीवर. पहिल्या पंधरा मिनिटांतच मी ज्या ठिकाणी पूर्वी नेहमी पलटी खर्च करायचो तिथे ती न मारता नुसता डावीकडे सरकून निघून गेलो. हात तेच होते, पण समोर दिसण्याइतकी जागा मिळाली होती. स्विच असेल तर तो हातात आडवा धरण्याऐवजी उभा टेकवून, कंट्रोलर वेगळा घेऊन खेळावा. पडदा लहान असला तरी प्रमाण अचूक मिळते.

या संग्रहात खेळाचा वेग कमीजास्त करता येतो, हवे तिथे जतन करता येते आणि चूक झाली तर काही क्षण मागे जाता येते. मागे जाण्याच्या सोयीविषयी माझे मत सरळ आहे. शिकण्यासाठी ती उत्तम आहे. एखादी रांग कुठून येते हे चार वेळा मागे जाऊन पाहिले तर पाचव्यांदा ती नीट पाडता येते. पण डाव मोजायचा असेल त्या दिवशी तिला हात लावू नये, कारण तीनच पलट्यांचा हिशेब तिच्यापुढे निरर्थक होतो. जुन्या काचेच्या पडद्यासारख्या रेघा आणि यंत्राची चौकट दाखवण्याची सोयही आहे. रेघा मी चालू ठेवतो, चौकट बंद करतो. चौकटीमुळे चित्र पुन्हा लहान होते.

मूळ खेळातले दोष या आवृत्तीतही आहेतच, आणि ते झाकून शिफारस करणे योग्य होणार नाही. ३२ टप्पे फार झाले. समुद्र, बेट, पुन्हा समुद्र, असेच चित्र फिरून फिरून येते. विसाव्या टप्प्याच्या आसपास नवे म्हणावे असे जवळपास काही उरत नाही आणि फक्त दाटी वाढत जाते. ‘अयाको’ नावाचे प्रचंड बॉम्बफेकी विमान मोजक्या ठिकाणी येते तेव्हा तेवढ्यापुरता जीव वर येतो. १९८७ साली आलेल्या ‘१९४३’ने यांतल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्या: दोघांना एकाच वेळी खेळता येते, एका गोळीने संपण्याऐवजी इंधनासारखी कमी होणारी शक्ती असते आणि टप्प्याच्या शेवटी मोठ्या युद्धनौकांशी गाठ पडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला तो अधिक आवडेल, हे मान्य. मला मात्र ‘१९४२’ची कोरडी शिस्त अधिक भावते. तिथे एक गोळी म्हणजे एक लाइफ.

ज्यांच्याकडे जुने प्लेस्टेशन टू आणि तबकडी अजून चालू आहे त्यांनी नवा खर्च करण्याची घाई करू नये. खेळ तोच आहे आणि तितकाच अस्सल आहे. ज्यांना कॅसेटच्या आठवणीखातर फॅमिकॉमचीच आवृत्ती हवी आहे त्यांनी ती जरूर खेळावी, पण घरातल्या लहान मुलाची या खेळाशी पहिली ओळख तिच्यावर करून देऊ नये. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला मी उभ्या मॉनिटरसमोर बसवले, मागे जाण्याची सोय बंद केली आणि पलटीचे बटण एवढेच दाखवले. पहिल्या तीन डावांत त्याने तिन्ही पलट्या सुरुवातीलाच उडवून टाकल्या. चौथ्या डावात लाल रांग येताना त्याचा अंगठा बटणावर गेला, थांबला, आणि रांगेतले शेवटचे विमान पडेपर्यंत तिथेच थांबून राहिला. टप्प्याच्या शेवटी शेकडा प्रमाण आले तेव्हा त्याने ते मोठ्याने वाचले, आणि पुढचा टप्पा सुरू होण्याआधी खुर्ची पुढे ओढून घेतली.